तीन सिमकार्डं आणि कांबळे मॅडम

कांबळे मॅडमचा एक किस्सा सांगायला घेतला की आमच्या वर्कशॉपमध्ये निदान दोघं तरी "थांब, तो न्हाय, आधी हा सांग" म्हणून मध्ये तोंड घालतात. चहा गार होतो, किस्से काही संपत नाहीत. आज मध्ये बोलायला कुणी नाही, तेवढ्यात सांगून घेतो!

आमचं काम म्हणजे डेअऱ्यांचे कूलर, दूध थंड ठेवायच्या टाक्या, दुरुस्त करणं. वर्कशॉप सोलापुरात, मेकॅनिक जिल्हाभर पांगलेले. ऑफिस मॅडम सांभाळतात. तक्रारीचा फोन त्यांना येतो, त्या आम्हाला फोन करून पळवतात.

गेल्या वर्षी अकलूजच्या एका डेअरीचा कूलर बंद पडला. मी जवळच्याच गावात, आणि माझा फोन 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर'! दूध नासलं. डेअरीचे मॅनेजर घाडगे साहेब मालकांवर कडाडले, "आणखी एकदा फोन लागला न्हाय, तर काम पुण्याच्या पार्टीला!" आमचं निम्मं काम त्या एका डेअरीचं. ते गेलं असतं तर चार मेकॅनिकांपैकी दोघं घरी बसले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

मालक मॅडमना म्हणाले, "सगळ्यांना मोबाईलची एकच कंपनी घ्या. कुठली, ते तुम्ही ठरवा."

मला वाटलं, जाहिरात बघून घेतील एखादी. कसलं काय!

*

एका कंपनीचा सेल्समन आला. गळ्यात टाय, हातात टॅब, टॅबवर आख्खा सोलापूर जिल्हा रंगवलेला. "मॅडम, वळसंगला फुल रेंज!"

"तुम्ही गेलाय वळसंगला?"

"नाही, पण मॅप..."

"आमची गाडी निघालीच आहे. बसा."

बिचारा टायसकट टेम्पोत! तासाभरानं त्याचा फोन. "मॅडम, लागला बघा! एकदम क्लिअर!"

"कूलर कुठाय?"

"आत, खोलीत."

"मग तुम्ही बाहेर काय करताय?"

तो बोलत बोलत पत्र्याच्या खोलीत शिरला. "हॅलो, मॅडम, हॅ..." आणि संपलं! येताना टेम्पोत त्यानं टॅब काही बाहेर काढला नाही.

*

मग मॅडमनी तीन कंपन्यांची कार्डं आणून आम्हाला वाटली. नियम एकच. कूलरच्या खोलीत उभं राहून फोन करायचा आणि मशिनवरचा नंबर वाचून दाखवायचा. त्यांच्या वहीतल्या नंबराशी जुळला तर कार्ड पास. "रेंजच्या दांड्या किती, ते मला सांगू नका. बोलून दाखवा."

एवढ्या उन्हाचं कोण फिरतंय! मी कुर्डुवाडी स्टेशनवर बाकडं धरलं, भजी घेतली आणि तिन्ही कार्डांवरनं पाठ असलेला नंबर धाडधाड म्हणून टाकला. तिन्ही पास!

"छान," मॅडम म्हणाल्या. "पुण्याची गाडी कितव्या प्लॅटफॉर्मवर येतीय म्हणाली ती बाई?"

मागं अनाउन्समेंट चालली होती हो! गपचूप उठलो आणि कूलर गाठला. तिथं तीनपैकी दोन कार्डं नापास! लई शरम वाटली, खोटं कशाला बोलू. भज्यांच्या नादात मी माझ्याच पोटावर पाय देत होतो.

*

वही भरली. मॅडमनी निवडलेली कंपनी ऐकून मालक खुर्चीतून उठलेच. ती आमच्या ऑफिसातच लागत नव्हती! पार गेटजवळ, उघड्यावर गेलं तरच लागायची.

"अहो मॅडम, ऑफिसातच रेंज नाही!"

"ऑफिसात दूध नासत नाही, साहेब."

मालक म्हणाले, मग तुमच्या एकटीपुरतं दुसरं कार्ड घ्या. मॅडम म्हणाल्या, "एकच कंपनी, हे तुम्हीच म्हणालात की! उद्या फोन लागला नाही की तुझी कंपनी का माझी कंपनी, हे भांडण मला नको."

आणि आमच्याकडं वळून, "टेबल उचला. गेटजवळ ठेवा."

उगाच नाही मी या बाईला मानत!

*

आमच्यातले सगळ्यात जुने मेकॅनिक इस्माईलचाचा. कंपनी बदलायची म्हटलं की ते शर्टाचा खिसाच घट्ट धरायचे. "ये नंबर हर डेअरी की दीवार पे लिख्या है. मेरेकू नया नक्को!" नंबर तोच राहतो, फक्त कंपनी बदलते, हे त्यांना पटेचना. शेवटी मॅडमनी आधी स्वतःचा नंबर नव्या कंपनीत नेला आणि त्यावरून चाचांना फोन लावून दाखवला. मग कुठं खिसा सुटला.

चाचांचं काम झालं, त्या दिवशी त्यांनी पहिला फोन घरी लावला. आख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल असे ओरडत होते, "मैंच हूं, बेगम, मैंच! दुसरा कोई नहीं!"

*

मे महिना. सोलापूरचं ऊन मी तुम्हाला काय सांगायचं! मॅडम गेटजवळ छत्री धरून बसलेल्या. सकाळीच घाडगे साहेबांचा फोन आला, कूलर बंद, टाकी काठोकाठ. मी शेजारच्या गावात, पत्र्याच्या खोलीत, मशिनखाली आडवा. मॅडमचा फोन पहिल्या रिंगला उचलला! सुटलो तो थेट अकलूज. दूध वाचलं.

पुढच्या आठवड्यात घाडगे साहेब स्वतः सोलापूरला आले. बगलेत पुढच्या वर्षाचं करारपत्र. ते गेटमधून आत येतात तोच मॅडमचा फोन वाजला. एका हातात फोन, मान वाकडी करून छत्री खांद्याशी दाबलेली, दुसऱ्या हातानं पत्ता लिहायची धडपड. घाडगे साहेबांनी छत्री काढून घेतली आणि मॅडमच्या डोक्यावर धरली. स्वतः उन्हात.

आमचे मालक आतून धावत आले. "अहो साहेब, उन्हात काय उभे? आत या, एसी लावलाय!"

घाडगे साहेबांनी मान वळवली.

"गप बसा हो! मॅडमला ऐकू येत न्हाय!"