तालुक्यात पियानो नव्हता

होआकिन संगीतकार होता, पण त्याला वाजवता काहीच येत नव्हतं. म्हणजे पियानो यायचा. पण आमच्या अख्ख्या साकोली तालुक्यात पियानो नव्हता, त्यामुळे त्याच्या संगीतकार असण्याला पुरावाही नव्हता. आमच्या बँडपार्टीतल्या ढोलवाल्या काकांनी त्याच्या गळ्यात ढोल अडकवून पाहिला आणि दोन मिनिटांत परत काढून घेतला. "मी वाजवत नाही, लिहितो," होआकिन म्हणाला. मी भाषांतर करून सांगितलं. काका म्हणाले, "मंग कारकून म्हणा ना!"

तो स्पेनचा, वय सव्वीस. नागझिऱ्याला वाघ पाहायला आला होता. वाघानं दर्शन दिलं नाही, आणि परतताना एकोडीजवळ त्याची जीप एका वरातीमागे अडकली. वरातीपुढे माझे बाबा क्लॅरनेट वाजवत होते. बाबा आमच्या बँडचे मास्तर. त्यांच्या क्लॅरनेटची एक कळ तुटलेली होती. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून ती बसवलेली, त्यामुळे तिथला सूर ना धड इकडचा ना तिकडचा. तो सूर ऐकून हा जीपमधून उतरला आणि नवरीच्या मांडवापर्यंत पायी गेला. त्याचं इंग्रजी कोणाला कळेना, तेव्हा मला बोलावलं. मी साकोलीला शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवायची.

"तो म्हणतो, हा सूर आमच्या देशात नाही," मी बाबांना सांगितलं.

"आमच्याबी देशात नाही," बाबा म्हणाले. "कळ तुटली आहे, सांग त्याले."

रात्री बाबांनी त्याला घरी आणलं. आईनं त्याला नाव विचारलं. "होआकिन." "हो, पण नाव काय?" "होआकिन." "अरे हो रे बाबा, समजलं, नाव सांग ना!" शेवटी आईनं 'हो' स्वतःकडे ठेवून घेतला आणि तो आकीन झाला. एका रात्रीसाठी म्हणून दिलेल्या मागच्या खोलीत तो अडीच महिने राहिला.

त्याची लिहायची तऱ्हा बघण्यासारखी होती. सकाळी खाटेवर मांडी घालून बसायचा, पाच-पाच रेघा आखलेला कागद मांडीवर, पेन्सिल दातात. दुपारपर्यंत चार टिंबं काढायचा आणि संध्याकाळी त्यातली तीन खोडायचा. आई जाता-येता बघायची. एकदा तिला राहवलं नाही. "चार दिवसांत दोन ओळी? अरे, तेवढ्यात माह्या धानाच्या दोन बांध्या रोवून होतात!" यावर तो गंभीरपणे म्हणाला, "मले समजून राहिलं." हे वाक्य तो काहीच समजलं नाही की म्हणायचा.

मराठीतला त्याचा दुसरा आवडता शब्द होता 'पुन्हा'. बाबांनी एक सूर वाजवला की, पुन्हा. फुंक हळू झाली की, पुन्हा. मग प्रश्न. या सुरावर का थांबलात? श्वास कुठे घेतला? आणि बाबा, जे घरी मीठ कमी आहे एवढंच बोलायचे, ते तासतासभर उत्तरं द्यायला लागले. नवरी निघताना सूर कसा ओला ठेवायचा, नवरदेवाचे मित्र प्यायलेले असले की तो कसा कोरडा करायचा. मधे बसून मी ते सगळं इंग्रजीत उतरवत होते. शिकवणी वर्गात कोणी विचारलं, तर वडील शेती करतात असं मी सांगायची. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

एका संध्याकाळी तलावाच्या पाळीवर त्यानं आपली कहाणी सांगितली. नवव्या वर्षी पहिली रचना. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या वाद्यवृंदानं त्याचं संगीत वाजवलं, पेपरात फोटो. दोन वर्षांपूर्वी मात्र त्याच्या एका रचनेच्या मध्येच लोक उठून गेले, काहींनी शिट्ट्या मारल्या. तेव्हापासून त्याच्याकडून एक पान पुरं झालं नव्हतं.

"किती जनं उठले?" बाबांनी विचारलं.

"अर्धे."

"म्हणजे अर्धे बसले न! आमच्या वरातीत आयकते कोण? शिव्या देतेत, अंगावर कोल्ड्रिंक सांडवतेत. दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न राह्यते. क्लॅरनेट पुसाचा अन् जायाचं. तू काहून दोन वर्षं बसून राहिला?"

दुसऱ्या दिवशी आकीननं चहाच्या आधी एक पान भरलं आणि खोडलं नाही.

आठवड्याभरात बँडसाठी एक छोटी रचना तयार झाली. "लिहिलं तर वाजवलं पायजे," म्हणत बाबांनी ती आंधळगावच्या एका वरातीत काढली. मी नको नको म्हणत होते. रचना संथ होती, अतिशय संथ. नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी राहिली. घोडीसुद्धा थांबली. नवरदेवाचा मामा गर्दीतून वाट काढत आला आणि ओरडला, "कोन मेलं बे?"

बाबांनी मामाकडे पाहिलंही नाही. चार मिनिटांची रचना शेवटच्या सुरापर्यंत वाजवली, मग श्वास न घेता नाचाच्या गाण्यावर उडी मारली. मी घाबरून आकीनकडे पाहिलं. तो रस्त्याच्या कडेला खाली बसला होता आणि पोट धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मामा!" तो म्हणत होता, "मामा!" शिट्ट्या मारणाऱ्यांपेक्षा हा टीकाकार त्याला फार आवडला होता.

जूनच्या सुरुवातीला तो गेला. साकोलीच्या बसस्टँडवर त्यानं आईला मिठी मारली. आई त्याच्या पिशवीत चिवड्याची पुडी कोंबत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं ध्वनिमुद्रण पाठवलं. तीच रचना, आता अठरा मिनिटांची झालेली, त्याच्या गावच्या सभागृहात वाजवलेली. अंगणात खाटेवर फोन ठेवून आम्ही ऐकली. बाबा डोळे मिटून होते. शेवटी टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

"कोनी उठून गेलं का?" बाबांनी विचारलं.

"त्यानं लिहिलंय, सात जण गेले."

"बरं आहे. तेवढे जायलेच पायजेत."

फोन बंद झाला. बाबा आणि आकीनच्या मधे बसून बोलणं पोचवायचं काम आता उरलं नव्हतं. मी फोन उचलून उठले, मग विचारलं, "बाबा, तुम्ही क्लॅरनेट कोणाजवळ शिकले?"

बाबांनी डोळे उघडले. "आकीननं विचारलं का?"

"नाही. मीच विचारून राहिली."

ते खाटेवर थोडे सरकले, जागा केली. "मंग बस," म्हणाले, "लंबी गोष्ट आहे."