बरण्या हुंगणारा डेलबर्ट

डेलबर्ट रस्क नाकावर माशी बसू देत नसे, असं आमच्या डोंगरात कुणी म्हणणार नाही. माशी खुशाल बसायची, आणि ती कुणाच्या गोठ्यातून उठून आली हे तो सांगायचा.

आमच्या या दक्षिण हंबोल्टमध्ये घरटी गांजाची सहा झाडं लावायला आता कायद्याची हरकत नाही. ऑक्टोबरात ज्याच्या-त्याच्या शेडमध्ये त्याच्या फांद्या वटवाघळांसारख्या उलट्या लटकतात. झाड लावायला अक्कल लागत नाही, ती लागते पुढे. फांदी अंधारात, गारव्यात, सावकाश वाळली पाहिजे. काडी नुसती वाकली तर थांबायचं, कट्‌कन मोडली की फुलं बरणीत. मग ती लोणच्यासारखी मुरवायची. रोज झाकण उघडून आतली दमट हवा जाऊ द्यायची; याला आम्ही बरणीचा ढेकर काढणं म्हणतो. घाईने वाळवलेल्याला सुक्या गवताचा वास मारतो. ओलं भरलं तर मांजर मुतल्याचा, आणि त्यामागोमाग बुरशी. या दोहोंच्या मधे जी चव असते ती साधली की हुकली, हे विचारायला नोव्हेंबरात सगळा डोंगर डेलबर्टच्या पडवीत जमायचा.

त्याच्याकडे यायला दुसरं कारणही नव्हतं म्हणा. तरुणपणी तो जंगलतोडीवर होता; एक ओंडका कमरेवर आला आणि ते संपलं. बायको कॉनी ओरेगॉनला निघून गेली. रोज जेवायला बसल्यावर आधी हुंगून चीज कितव्या दिवशी बिघडलं ते सांगणाऱ्या माणसाशी संसार कोण करणार? पुढे गांजा कायदेशीर झाला, भाव कोसळला, त्यावर जगणारा निम्मा डोंगर रिकामा झाला, शाळा बंद पडली. उरलेल्यांतलं कुणी रस्त्याने वर आलंच, तर मांडीवर बरणी घेऊन.

गेल्या ऑगस्टात वणव्याचा धूर आला आणि त्यातच डेलबर्टला ताप. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. मला ते कळलं त्याच्या कॉफीमुळे. मी खालच्या वळणावर राहतो, सकाळी टपाल द्यायला वर गेलो होतो. त्याने कपात दूध ओतलं, ते दह्यासारखं फुटलेलं, आणि तो निवांत ढवळत बसला.

"डेल, दूध नासलंय."

तो थांबला. कपात बघत राहिला. मग म्हणाला, "दार लाव, पोरा."

कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. "नाक नसलेल्या म्हाताऱ्याकडे कोण येतं?" तो म्हणाला. "कुत्रंसुद्धा नाही. कुत्र्याला तर आधी कळेल."

त्यानंतर त्याने काय नाही केलं. कांदे फोडून नाकाशी धरले, संत्र्याच्या साली जाळल्या, रॉकेलच्या डब्यात तोंड घालून बसला. डोळ्यांना पाणी यायचं, वास नाही. नोव्हेंबर लागला तसा तो फुलं बोटांनी दाबून, काडी कानाशी मोडून, आणि मुख्यतः समोरच्याचा चेहरा वाचून निकाल देऊ लागला. लोकांचे चेहरे बोलके असतात, त्यामुळे बरेच दिवस निभावलं.

ओपलचा चेहरा मात्र बोलत नाही. ओपल म्हणजे पुलापलीकडच्या ऑरिनची बायको. ऑरिनची फुफ्फुसं लाकडाच्या गिरणीतल्या भुशाने गेलेली. तरी झोपेआधी दोन झुरके घेतल्याशिवाय त्याला चैन नाही. तिने बरणी उघडली तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. तिथपर्यंत वास येऊन माझ्या नाकाला झोंबला.

डेलबर्टने डोळे मिटून लांब श्वास घेतला. "संत्र्याची साल. मागून थोडी मिरी. ओपल, यंदा जमलं तुला."

"हो का," ओपल म्हणाली. झाकण लावलं आणि निघून गेली.

मी म्हणालो, "डेल, ते मांजर होतं."

"भरलेलं ओलं होतं?"

"डेल, मांजर."

तो उठला तो काठी न घेताच. माझ्याच गाडीत बसला आणि वाटभर एकच म्हणत होता, "ती बुरशी ऑरिन आज ओढेल. हाक पोरा, ऑरिन आज ओढेल."

ओपलच्या दारात टोपी हातात घेऊन तो उभा राहिला. "ती बरणी त्याला देऊ नकोस. मला वास येत नाही. ऑगस्टपासून."

"ठाऊक आहे," ओपल म्हणाली. "तुझ्या पडवीखाली ते घाण वास सोडणारं स्कंक मरून पडलं होतं, तेव्हा अख्खा डोंगर नाकाला रुमाल लावून फिरत होता आणि तू तिथेच सँडविच खात होतास."

आतून ऑरिन खोकत म्हणाला, "कसलं सँडविच?"

"तू गप्प पड." मग डेलबर्टला, "ही बरणी मुद्दाम आणलेली, वाया गेलेली. त्याची चांगली बरणी कपाटात आहे. तू मला खोटं सांगतोस का, ते बघायचं होतं."

"मी आलो ना सांगायला."

"पोराने सांगितलं म्हणून आलास. नाक गेलं म्हणून मी हसले असते का? पण ऑरिनच्या छातीवर तू अंदाज ठोकलास, डेल." तिने जाळीचं दार ओढून घेतलं, आपटलं नाही.

घरी येऊन त्याने स्वतःच्या सगळ्या बरण्या टेबलावर मांडल्या.

"हुंग."

"माझं नाक साधं आहे."

"साधंच हवंय. खोटं बोलू नकोस, तेवढं माझं करून झालंय."

पहिलीत गवत. त्याने बादलीत ओतली. दुसरीत मांजर. ओतली. एकेक बरणी रिकामी होत गेली, तशी बादली भरत आली. शेवटची उघडली आणि मी थबकलो.

"काय?"

"चांगला आहे."

"'चांगला' नावाचा वास नसतो. जर्दाळू आहे? पिकलेला की कच्चा? मागून डिझेल येतंय का?"

"डेल, खरंच चांगला आहे."

"आता इथे कुणी यायचं नाही, पोरा." त्याने बरणी माझ्या नाकाला जवळजवळ दाबलीच. "ही एक तरी मला कळू दे. पुन्हा हुंग."

मी पुन्हा हुंगलं. "जर्दाळू," मी म्हणालो. "बहुतेक."

"बहुतेक नको," तो म्हणाला. "पुन्हा."