अत्तर लावून घेणारा मामा

दुपारचं जेवण अंगावर आलं की ऋजुता फोन हातात धरूनच आडवी होते. आजही डोळे मिटत आलेत, डोकं मात्र चालूच आहे. ऑटिझम असलेल्या, म्हणजे स्वमग्न माणसांसाठी तिने ऑनलाइन कट्टा काढलाय. ती स्वतः त्यांतलीच, त्यामुळे तिथे कुणी कुणाला 'जरा हसून बोल' असं शिकवत नाही. पण मागे एक गोडबोल्या सभासद म्हणून घुसला आणि सगळ्यांना 'बरं करणारी' पावडर विकायला लागला. तेव्हापासून तिला जो तो चोर वाटतो. आता एक नवा अर्ज आलाय. फोटो नाही, माहिती नाही, विचारलेल्या प्रश्नांना उत्तर नाही. घ्यावं की नाकारावं?

पंखा गरगरतोय. ती मंगल कार्यालयाच्या दारात उभी आहे, हातात अत्तरदाणी. आत पंगत बसलीय आणि एकाही ताटाचा आवाज नाही. समोरून दिगूमामा येतो.

मामा जाऊन दोन वर्षं झाली, हे तिला पक्कं ठाऊक आहे. त्याचं तिला काही वाटत नाही. खटकतं ते हे, की मामा थेट तिच्या डोळ्यांत बघून हसतोय. जन्मभर हा माणूस बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघायचा. अत्तराच्या वासाने त्याला मळमळायचं, म्हणून लग्नात मागच्या दाराने शिरून आचाऱ्यांपाशी बसायचा. सगळे त्याला तिरसट म्हणायचे. तोही स्वमग्नच होता हे ऋजुताला कळलं तोवर तो गेला होता, आणि याची हळहळ तिला अजून आहे.

"काय ऋजू, बरी आहेस ना?" मामा मनगट पुढे करतो. "लाव की अत्तर."

"तू मामा नाहीस."

"का गं?"

"मामा असा हसत नाही. कुणी पाठवलंय तुला? काय विकायचंय?"

त्याचं हसू जागचं हलत नाही.

"दारातल्या माणसाला हेच लागतं ना? डोळ्यांत बघायचं, हसायचं, अत्तर लावून घ्यायचं. त्याशिवाय आत कोण सोडतं? आरशासमोर बसून शिकलो. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी कशाला?"

"दारात तूच उभी आहेस."

ऋजुताला राग येतो, आधी त्याचा, मग स्वतःचा. तरी शंका जात नाही. गोड तर तो पावडरवालाही बोलायचा.

"मग ते हसू काढ बघू आधी," ती म्हणते.

आता ती कार्यालयामागे आहे. पातेली पालथी घातलीत. मामा भिंतीकडे तोंड करून बसलाय, तिच्याकडे पाठ.

"मामा, बोल ना काहीतरी."

"नको."

तिला एकदम रडू येतं. हा मामाच असावा.

जाग येते तेव्हा गाल फोनवर आहे आणि पडद्यावर लिहिलंय: अर्ज मंजूर. तिने तर काही दाबलेलं नाही. गालाने दाबलं गेलं असेल, नाहीतर झोपेत अंगठ्याने. मामाने, असं ती म्हणणार नाही. तेवढी ती भोळी नाही. 'सभासद काढून टाका' या बटणावर ती बोट नेते.

तेवढ्यात नव्या सभासदाचा पहिला निरोप येतो. "इथे बोलावंच लागतं का?"

पावडर विकणारा असं विचारणार नाही. बहुतेक.

ऋजुता बोट मागे घेते आणि लिहिते, "नाही. नुसतं बसलं तरी चालतं."