छपराची वीज

आक्का तुराटी कानाजवळ धरून मोडायच्या. कटकन वाजली तरच ती भट्टीत जायची. नाहीतर, "वल्ली हाय, वाळूद्या," म्हणून बाजूला.

जत तालुक्यातल्या माळावरची ती धनगरांची वाडी. विजेचे खांब तिथवर पोचलेच नव्हते. विश्रामबागेतल्या आमच्या संस्थेनं तिथं एक छोटं यंत्र बसवलं होतं. तुराट्या, सूर्यफुलाची ताटं भट्टीत अर्धवट जाळायची, निघालेल्या गॅसवर इंजिन चालवायचं. त्यावर घरोघरी बल्ब लागायचे आणि बोअरचा पंप चालून वाडीचा हौद भरायचा. पुरुष मेंढरांमागं बाहेर, म्हणून यंत्र आक्कांकडं आलं. मी दुरुस्तीला जायचो. इंजिन अडलं की त्या इंजिनालाच म्हणायच्या, "चल गं बाई, लय नखरं नकोत."

मग पाऊस हुकला. तुरी करपल्या. आक्का शेजारच्या वाड्यांवर भट्टीसाठी ज्वारीची ताटं मागत फिरू लागल्या. एकदा मी बरोबर होतो. एका म्हाताऱ्यानं दारातच अडवलं. "तुला दिली तर माझ्या मेंढरांनी खायाचं काय?"

"आन् आमच्याच हौदावर पित्यात नव्हं ती? त्यो आटल्यावर पिणार काय, मामा?"

पेंढी मिळाली नाही.

कृष्णाकाठी ऊस तुटला की पाचट रानातच पेटवतात, तुम्हीही पाहिलं असेल. त्यातलं गाडीभर वर माळावर न्यावं म्हणून मी संस्थेत विनवण्या केल्या. गाडी निघालीच नाही.

पुढच्या खेपेला आक्का स्वतःच्या छपरावर उभ्या. वरचं वाळकं पाचट ओढून खाली टाकत होत्या.

"आक्का, अवं राहणार कुठं?"

"पाऊस हाय कुठं भिजायला?" त्या हसल्या. मग पुन्हा पाचट ओढू लागल्या. "पोरीस्नी उन्हातनं लांबनं पाणी आणाय लावू व्हय, दादा?"

छप्पर भट्टीत गेलं. दिवेलागणीला बल्ब पेटले, तशा बायका घागरी घेऊन हौदाशी धावल्या. पाइपातून गढूळ पाणी आलं, मग चिखल, मग नुसती हवा. बोअरमध्ये सोडलेली दोरी कोरडीच वर आली.

मी पंप बंद केला. इंजिनाकडं हात नेला, तर आक्कांनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊद्या. घातलंय तेवढं जळूद्या."

रिकाम्या घागरी घेऊन बायका उजेडात बसून राहिल्या. घरी कुणीच गेलं नाही.

महिन्याभरानं गेलो, तर वाडी ओस. आक्का कुठं गेल्या, सांगायलाही माणूस नव्हतं. यंत्राची खोली झाडलेली होती. भट्टीतली राख काढून झाकण घट्ट लावलं होतं, उद्या पेटवायची असल्यासारखं.