कमीकाका आणि रिकामं बसलेलं मशीन

कमीकाकांना आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं, पण ते आता फक्त दाराच्या पाटीवर उरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, एक उंच स्टूल आणि भिंतीवर ओळीने लटकवलेले स्क्रूड्रायव्हर. गिऱ्हाईक आत आलं की काकांना बाहेर यावं लागायचं. त्यांचा हात चांगला होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण माणूस ओळखला जायचा तो एका वाक्यावरून. कुठलीही चालू वस्तू दिसली की मान तिरकी करून ते म्हणायचे, “जरा कमी करून बघू.”

रेडिओचा आवाज, शेगडीची आच, नळाची धार, सगळं त्यांनी कमी करून पाहिलं होतं. लग्न झाल्यावर त्यांनी घरच्या चहातली साखर रोज चिमूटभर कमी करायला सुरुवात केली, तीही नव्या नवरीला न सांगता. एके सकाळी काकूंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी? काकांनी शांतपणे एक चिमूट वाढवली आणि म्हणाले, “हां, म्हणजे तुझी हद्द इथे आहे.” त्या दिवसापासून आजतागायत चहा काकूच करतात.

अशा माणसाला एक प्रोग्राम सापडला, तेव्हा हरवलेला जुळा भाऊ भेटावा तसं झालं. गोष्ट अशी, की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि कारखान्यातून निघताना प्रत्येक मेंदूला गरजेपेक्षा थोडं जास्तच व्होल्टेज बांधून दिलेलं असतं. कुठला नग काटक निघेल आणि कुठला नाजूक, हे एकेकाचं कोण बघत बसणार? सगळ्यांना नाजूकच धरायचं. पण जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त उष्णता, आणि उष्णता वाढली की आतला पंखा बोंब मारायला लागतो. हा प्रोग्राम आपण होऊन व्होल्टेज एकेक पायरी उतरवायचा आणि प्रत्येक पायरीवर प्रोसेसरला घाम फुटेल अशी गणितं घालायचा. गणित चुकलं किंवा मशीन गोठलं, की पुन्हा सुरू करून एक पायरी वर चढायचा आणि तिथे मुक्काम करायचा. काकांनी हे पाहिलं आणि लगेच काकूंना फोन लावला, की जगात माझ्यासारखा आणखी एक जण आहे. काकू म्हणाल्या, त्याच्या बायकोला माझा नंबर द्या.

वरच्या मजल्यावर काकांचे मोठे भाऊ राहायचे, बसमधून निवृत्त झालेले कंडक्टर. जन्मभर उभं राहून झालं, आता बसणार, असं जाहीर करून ते आरामखुर्चीत जे बसले ते बसलेच. त्यांची मुलगी एका कचेरीत टेलिफोनवर चौकशीची उत्तरं द्यायची. ती कचेरी बंद झाली आणि मुलगी घरी आली. तिचा आवाज मात्र ऐकत राहावा असा. नुसतं ‘थोडं थांबा’ म्हणाली तरी माणसं आनंदाने थांबायची. दृष्टी नसलेल्यांसाठी बोलकी पुस्तकं करणाऱ्या एका संस्थेने तिला चाचणी म्हणून एक प्रकरण वाचायला दिलं. ते पसंत पडलं तर पुढे पुस्तकामागून पुस्तक मिळणार होतं.

तिने अडगळीची खोली रिकामी केली, भिंतींवर गोधड्या टांगल्या, जुना कॉम्प्युटर आत नेला आणि वाचलं. संस्थेच्या बाईंचा फोन आला. वाचन फार छान आहे, म्हणाल्या, पण तुम्ही पिठाच्या गिरणीत बसून वाचता का? कॉम्प्युटरचा पंखा शब्दाशब्दात घुसला होता. नवं मशीन घेण्याची ऐपत नव्हती आणि मशीन बाहेर ठेवावं तर माइकची वायर पोचत नव्हती. बाईंनी पुढच्या आठवड्यापर्यंत अजून एक संधी दिली आणि ही शेवटची, असंही नीट सांगितलं.

पुतणी खाली आली. काकांचे डोळे असे चमकले, की तिला क्षणभर आपण चूक तर केली नाही ना, असं वाटलं.

प्रोग्राम दिवसभर चालला. मशीन तीनचारदा गोठलं, आपलं आपण उठलं आणि शेवटी एका आकड्यावर स्थिरावलं. काकांनी दुपारभर त्यावर गणितांचा मारा केला. मशीन हूं की चूं करेना आणि पंखा आहे की नाही हे हात लावून बघावं लागत होतं. इतका खालचा आकडा काकांनी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी तो जाड अक्षरांत लिहून दुकानाच्या भिंतीवर चिकटवला आणि शेजारच्या शिंप्याला बोलावून दाखवला. शिंपी म्हणाला, छान आहे, कशाचा आहे?

दुसऱ्याच दिवशी पुतणी जिना उतरून आली. प्रकरण निम्म्यावर आलेलं असताना मशीन गोठलं होतं आणि वाचलेलं सगळं गेलं होतं.

“तू काय करत होतीस तेव्हा?” काकांनी विचारलं.

“काहीच नाही.”

ज्या उत्तराला काही अर्थच नाही, ते कानाआड करायची सगळ्यांनाच सवय असते, तशी काकांनाही होती. त्यांनी मशीन खाली आणलं आणि पुन्हा गणितांचा मारा केला. मशीन खडखडीत. मग त्यांनी वायर बदलली, मेमरी काढून पुसून बसवली, भिंतीतल्या प्लगकडेही संशयाने पाहिलं. ती पुन्हा वाचायला बसली आणि मशीन पुन्हा गोठलं. काय करत होतीस? काहीच नाही, वाचता वाचता थांबले होते. त्या प्रकरणात एक बाई वर्षानुवर्षं बंद असलेलं दार उघडते आणि उघडण्याआधी उभी राहते. मीही तिथे थांबले आणि पुढचं पान पडद्यावर आणायला गेले, तर पडदा दगड. काका म्हणाले, हे शक्यच नाही, मी तपासलंय.

“काका,” ती म्हणाली, “तुमच्यासमोर ते पाहुण्यांसमोरच्या मुलासारखं वागतं. तुमची पाठ वळली की खरं रूप दाखवतं.”

तिसऱ्यांदा ती खाली आलीच नाही. काकूंकडून कळलं, की ती व्होल्टेज पहिल्यासारखं करून गिरणीसकट वाचून पाठवणार आहे. नाही म्हणाले तर म्हणोत, दुसरं काहीतरी बघेन. काकांना तिचा राग परवडला असता, हे परवडेना. ते गुपचूप जिना चढले.

पुतणी दार लावून आत बसली होती. कंडक्टर आरामखुर्चीत पेंगत होते. तेवढ्यात खालून काकूंनी चहा झाल्याची हाक दिली, तसे कंडक्टर ताडकन उठले, झोकांडी गेली, त्यांनी दाराची चौकट धरली आणि परत खुर्चीत बसले.

“दादा, काय झालं?”

“काही नाही रे, अंधारी येते. गंमत बघ, जन्मभर खड्ड्यांतून, वळणांवर, गर्दी अंगावर घेऊन उभा राहिलो, कधी चक्कर आली नाही. आता निवांत बसलेला असतो आणि एकदम उठलो की येते.”

काका भावाकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “दादा, पुन्हा एकदा ऊठ बघू.”

“मी काय सर्कशीतला आहे का?”

पण काका एव्हाना पुतणीच्या दारावर थापा मारत होते. मशीनचं नेमकं हेच होत होतं. अवघड गणितं घातली की प्रोसेसरचे सगळे भाग मिळून ओझं उचलतात, बेताच्या चालीने चालतात आणि कमी व्होल्टेजवरही निभावून नेतात. पण सगळे निवांत बसलेले असताना एक पान उलटायचं क्षुल्लक काम आलं, की त्यातला एकच ताडकन उठतो आणि एकटाच पूर्ण वेगात धाव घेतो. त्या धावेला लागणारं व्होल्टेज काकांनी कधीच कापून टाकलं होतं. ‘काहीच नाही’ हेच पोरीने दिलेलं बिनचूक उत्तर होतं.

प्रोग्राममध्ये तशी दुसरी चाचणीही होती. एकेका भागाला बसवायचं, उठवायचं, परत बसवायचं. पोरखेळ म्हणून काकांनी ती वगळली होती. ती लावल्यावर प्रोग्राम बऱ्याच पायऱ्या वर चढून आला. पंखा कुजबुजायला लागला, पण गिरणी काही परत आली नाही. प्रोग्राम थांबला तिथे काका पुतणीने कधी ऐकलं नव्हतं असं बोलले.

“आपण अजून एक पायरी वाढवू. उठताना धरायला काहीतरी असू दे.”

खाली जाऊन त्यांनी भिंतीवरचा आकडा काढला. शिंप्याने विचारलं, विकला का?

आता खात्री करायची तर मशीनसमोर कुणीतरी रिकामं बसायला हवं होतं. एक पान उघडायचं, खूप वेळ काही करायचं नाही, मग दुसरं पान. काकांनी करून पाहिलं, पण पाच मिनिटांत त्यांचा हात काहीतरी कमी करायला शिवशिवू लागला. तेव्हा काम कंडक्टरांकडे गेलं. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी माझे गुण ओळखले, असं म्हणत त्यांनी खुर्ची अडगळीच्या खोलीत नेली. ते पान उघडायचे, डुलकी घ्यायचे, जागे व्हायचे, पान उलटायचे. दोन दिवस त्यांनी मन लावून काही केलं नाही, आणि मशीन एकदाही गोठलं नाही.

मग मुलीने त्यांना खुर्चीसकट बाहेर काढलं, दार लावलं आणि वाचायला घेतलं. काका हेडफोन लावून तिच्या मागे स्टुलावर. बंद दाराशी ती बाई आली आणि पुतणी थांबली. तिला हवं तेवढं थांबली. काकांनी स्वतःचा श्वासही कमी करून बघितला. मग तिने पान उलटलं, आणि कथेतलं दार उघडलं.

चार दिवसांनी संस्थेच्या बाईंचा फोन आला. पंखा कुठेच ऐकू येत नाही, म्हणाल्या, आणि त्या दारापाशी तुम्ही जे थांबलात ना, तिथे आमच्या कचेरीत सगळे गप्प झाले. पुढचं पुस्तक पाठवत आहोत.

“फक्त ते एक पान तेवढं पुन्हा वाचाल का?” बाई म्हणाल्या. “तुम्ही थांबता तिथे लांब कुणीतरी घोरतंय.”

पुतणीने बाहेरच्या आरामखुर्चीकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. काकांनी मान तिरकी केली.