सुभद्राबाईंनी अडवून ठेवलेली बस

वाघोऱ्याच्या सुभद्राबाईंना कुणी "जाऊ द्या ना काकू" म्हटलं, की ओळखून घ्यायचं, आता ही बाई काही जाऊ देणार नाही. त्यांचे यजमान महादेवराव हे लग्न झाल्यापासून जाणून आहेत. तरीही अधूनमधून ते हेच वाक्य म्हणून बसतात आणि मग पुढचा सगळा वेळ त्यांना ओट्यावर काढावा लागतो.

वाघोरा नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतं. गावाला एस.टी. एकच. सकाळी ती माणसं बडनेऱ्याला रेल्वे स्टेशनासमोर नेऊन सोडते, दुपारी एक खेप मारते आणि संध्याकाळी तिथूनच सगळ्यांना परत आणते. सुभद्राबाईंची सून आरती याच बसनं बडनेऱ्याला जायची आणि तिथून रेल्वेनं अकोल्याला. अकोल्यात जुन्या शहरातल्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करायची. त्यासाठीचा कोर्स तिनं लग्नाआधी अमरावतीला, राजापेठेत खोली करून राहून केला होता. नोकरी मात्र मिळाली ती अकोल्यात. लग्न झाल्यावर महादेवरावांनी नोकरीला हो म्हटलं, पण अट घातली.

"दिवेलागनीच्या आत सून घरात पायजे. देवाजवळ दिवा लागला अन् सून रस्त्यावर, असं आपल्या घरी चालनार नाही."

ती अट आरतीनं वर्षभर पाळली. रेल्वे बडनेऱ्याला लागायची तेव्हा बस बाहेर उभी असायची, पूल उतरला की पाय थेट बसच्या पायरीवर. घरी येऊन, हातपाय धुऊन देवाजवळचा दिवा तीच लावायची. महादेवरावांना बोलायला जागा उरली नव्हती, आणि बोलायला जागा नसली की त्यांना करमत नाही.

दिवाळीनंतर रेल्वेचं नवं वेळापत्रक आलं. अकोल्याहून येणारी गाडी थोडी पुढे सरकली. त्याच सुमाराला कुणाच्या तरी डोक्यातून निघालं आणि वाघोऱ्याची बस थोडी अलीकडे आली. वाटण्या झालेले भाऊ भिंतीला भिंत लावून राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, तशी ही दोन खाती. आता रेल्वेतून उतरून पुलावर यावं, तर बस वळणावर पाठ दाखवून निघालेली दिसायची. पहिल्या दिवशी लोक तिच्यामागे धावले. दुसऱ्या दिवशी हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी पुलावरच उभं राहून शिव्या घातल्या आणि ऑटो शोधायला लागले. ऑटोवाले वाघोऱ्याच्या फाट्यापर्यंत सोडत, पुढे आतला रस्ता पायी.

आरतीचा नवरा शिवम काही दिवस मोटरसायकल घेऊन फाट्यावर गेला. पण हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, आणि शेतातली लाइट संध्याकाळीच यायची. पाणी द्यावं की बायको आणावी, या पेचात तो पडला, आणि महादेवरावांना बोलायला जागा मिळाली.

"मी काय म्हनलो होतो? बस झाली नोकरी. लॅबमदे सांगून ये म्हना तिले."

आरती खाली मान घालून भाकरी मोडत होती. शिवम आढ्याकडे पाहत होता. सुभद्राबाईंनी तवा चुलीवरून उतरवला.

"काहून सांगन ती? टाइम बदलवला एस.टी.नं, अन् घरी बसन माही सून?"

महादेवराव म्हणाले, "जाऊ दे ना."

झालं. आता ही गोष्ट जाणार नव्हती.

सुभद्राबाईंच्या पोटात या रागाची जुनी जागा होती. त्या आठवीत होत्या, तेव्हा त्यांच्या माहेरच्या गावाची बस अशीच एका वर्षी अलीकडे ओढली होती. शाळा सुटायच्या आधी बस निघून जायची. गावानं काय केलं? पोरांना सायकली घेऊन दिल्या आणि पोरींना स्थळं पाहिली. सुभद्राबाईंना गणितात गती होती, मास्तर घरी येऊन वडिलांना सांगून गेले होते. त्या गणिताचा पुढे उपयोग कापसाच्या मजुरीचा हिशेब तोंडी करण्यापलीकडे झाला नाही. ते दुःख त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री सुनेला सांगितलं.

"मले एका गाडीच्या टायमानं घरी बसोलं. तुले नाही बसू देनार."

दुसऱ्या दिवशी त्या डेपोत गेल्या. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग म्हणाले, "बाई, त्या फेरीला पॅसेंजरच नाहीत. बस रिकामी जाते. आम्ही तर ती बंद करायच्या विचारात आहोत."

"कशी नाही जानार रिकामी? पॅसेंजर तं रेल्वेत असते न त्या टायमाले."

"मग रेल्वेला सांगा."

रेल्वेच्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं, की एस.टी.ला सांगा. सुभद्राबाई घरी आल्या त्या चपला आपटतच.

बस रिकामी दिसते ना, तर ती भरून दाखवायची, असं त्यांनी ठरवलं. खिडकीतून सीटवर रुमाल पडला, की वऱ्हाडात ती सीट कलेक्टरसुद्धा घेत नाही. रुमाल म्हणजे माणूस. सकाळच्या बसमध्ये चढून त्यांनी अकोल्याला जाणाऱ्या प्रत्येकाकडून एकेक कापड मागून घेतलं. कुणी रुमाल दिला, कुणी ओढणी, शाळेतल्या शिपायानं गळ्यातला दुपट्टा काढून दिला. दुपारच्या खेपेला ते बोचकं घेऊन सुभद्राबाई बडनेऱ्याला गेल्या आणि संध्याकाळची बस लागताच सगळ्या सीटांवर कापडं टाकून मोकळ्या झाल्या. एवढ्या माणसांना टाकून कंडक्टर जाईलच कसा, हा त्यांचा हिशेब.

हिशेब चुकला. बडनेऱ्याच्या बाजाराला आलेले वाटेवरच्या गावांचे लोक बसपाशी आले. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. "फुल्ल झाली वाटते," असं म्हणत ते बिचारे सगळेच्या सगळे ऑटोकडे वळले. रुमालाचा मान राखणारी माणसं ती, एकानंही उचलून बाजूला ठेवला नाही. सुभद्राबाईंच्या लक्षात येईपर्यंत ऑटो भरून निघाले होते. एरवी निदान चार माणसं तरी असायची, आज बसमध्ये त्या एकट्या होत्या.

कंडक्टर नितेश हा तरुण, अमरावतीचा मुलगा. त्यानं सगळ्या सीटांवरून नजर फिरवली.

"काकू, रुमालाले तिकीट नसते," तो म्हणाला आणि त्यानं बेल मारली.

बस वळणावर आली तेव्हा मागे रेल्वेचा भोंगा ऐकू आला. गावभराच्या रुमालांच्या मधोमध बसून सुभद्राबाई घरी आल्या. आरती आली ती दिवा लागून गेल्यावर, फाट्यापासून चालत. महादेवराव एवढंच म्हणाले, की उद्या लॅबमध्ये सांगून टाक. सुभद्राबाईंनी रविवारपर्यंतची मुदत मागितली. इतकी मोठी फजिती झालेल्या बाईला नाही म्हणणं महादेवरावांनाही बरं दिसेना.

नितेशचं ते वाक्य मात्र सुभद्राबाईंच्या डोक्यातून जाईना. रुमालाला तिकीट नसतं. मग तिकीट कुणाला असतं? सकाळी अंगण झाडताना त्यांना समोरच्या ओट्यावर जयवंताबुढी ऊन खात बसलेली दिसली, आणि त्यांनी झाडू तिथंच टाकला. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाला एस.टी. फुकट. फुकट असलं तरी कंडक्टर तिकीट देतोच. आणि तिकीट दिलेला माणूस मागे टाकून गाडी हलवली, तर कंडक्टरचं काही खरं नसतं.

"बडनेऱ्याले येता काय आजी?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"काहून?"

"भांडाले."

जयवंताबुढीनं कुणाशी, ते विचारलंच नाही. ती लुगडं बदलायला आत गेली.

त्या संध्याकाळी बडनेऱ्याला वाघोऱ्याच्या बसमध्ये गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या बसलेल्या होत्या. या खेपेला सुभद्राबाई दारात उभ्या राहिल्या आणि बाजाराच्या लोकांना "या, या, जागा हाये" म्हणत आत घेत गेल्या. नितेशनं सगळ्यांना तिकिटं दिली आणि बेलच्या दोरीला हात घातला. तेवढ्यात जयवंताबुढी उठली.

"थांब रे बापू. मले जाऊन याचं हाये."

"कुठी जाता आता, आजी?"

"बाईमानसाले असं इचारते काय कोनी?"

नितेश कानापर्यंत लाल झाला. म्हातारीनं आपल्या सीटवर रुमाल टाकला, दांड्याला धरून एकेक पायरी उतरली आणि स्टेशनाच्या दिशेनं अशी निघाली, की रस्ता संपूच नये. ती परत आली, तेव्हा दुसरी उतरली. दुसरी आली, तर तिसरीला पाणी प्यायचं होतं. ड्रायव्हरनं आधी हॉर्न वाजवला, मग इंजिन बंद करून तो तंबाखू मळायला लागला. नितेश चिडल्यासारखा दिसत होता, पण बेलची दोरी त्यानं केव्हाच सोडून दिली होती. सकाळी हीच माणसं तोच घेऊन यायचा. संध्याकाळी त्यांना पुलावर सोडून जाताना त्याला तरी काय आनंद होता?

रेल्वे आली. पुलावरून माणसं सवयीनं शिव्या तोंडात तयार ठेवूनच उतरली आणि खाली बस उभी पाहून गप्प झाली. आरती धावत आली. सासूला दारात पाहिल्यावर तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. सुभद्राबाईंनी तिला दंडाला धरून वर ओढलं.

त्यानंतर हे रोज होऊ लागलं. म्हाताऱ्यांना त्याची चटक लागली. कुणी स्टेशनावर भजी खाऊन येई, कुणी तिकडच्या एखाद्या बाईशी सोयरिकीचं बोलून येई. रविवार आला आणि गेला. सून वेळेत घरी येत होती, त्यामुळे महादेवराव मुदतीचं नाव काढू शकले नाहीत.

शेवटी एक दिवस डेपोचे साहेब स्वतः बडनेऱ्याला आले आणि बसच्या दारापाशी उभे राहिले.

"काय चाललंय हे? रोज याच वेळेला या आजींची तब्येत कशी बिघडते?"

"तब्येत नाही बिघडली साहेब. म्हातारपन हाये. ते रोजच असते," सुभद्राबाई म्हणाल्या.

"या बायकांना बसमध्ये घेऊ नका, असं सांगावं लागेल मला."

"सांगा ना. लिहून द्या. बुढ्या बायाईले एस.टी.त बसाले मनाई हाये, असं लिहा अन् खाली सही करा. मी गावात वाचून दाखोते."

साहेबांनी काही खिशातला पेन काढला नाही. तेवढ्यात रेल्वे फलाटाला लागली आणि पुलावर माणसं दिसू लागली. सुभद्राबाईंनी पुलाकडे हात केला.

"तुमी म्हनत होते, पॅसेंजर नाहीत. थे पाहा तुमचे पॅसेंजर. पुलावरून धावून राह्यले. रोज धावते थे, पाहाले कोनी येत नाही."

साहेबांनी पाहिलं. बस भरली, मधली वाट भरली, पायरीवर दोघं उभे राहिले. साहेब निघून गेले. पण पुढच्या सोमवारपासून वाघोऱ्याच्या बसची नवी वेळ लागली, रेल्वे आल्यानंतरची.

गावानं पेढे वाटले. सुभद्राबाईंनी पेढा घेतला नाही. नवी वेळ त्यांनी मनाशी मोजली होती आणि त्यांच्या लक्षात आलं होतं, की आता थंडीचे दिवस, सूर्य लवकर बुडतो. बस थांबेल, पण गावात पोचेपर्यंत घरोघर दिवे लागलेले असतील. महादेवरावांच्याही ते लक्षात आलं असणार, कारण सोमवारी ते सकाळपासून फार शांत होते.

बस खरंच थांबते का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला सुभद्राबाई त्या दिवशी बडनेऱ्याला निघाल्या. जाताना उंबऱ्यात थांबल्या.

"आज दिव्याले हात लावू नका."

"म्हंजे? दिवेलागन झाली तं?"

"आपल्या घरी दिवा सून लावते. ती येईन तवा लागन. तवाच आपली दिवेलागन."

महादेवराव काहीच बोलले नाहीत, ओट्याकडेही गेले नाहीत. सुभद्राबाईंना वाटभर त्याचीच धास्ती होती. भांडणारा नवरा त्यांना कळायचा, गप्प बसलेला कळत नव्हता.

बस थांबली. गाव आलं तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. सासू-सून भराभर पावलं टाकत निघाल्या. गल्लीत सगळ्या घरांतून उजेड बाहेर आला होता. त्यांचंच एक घर काळंठिक्कर होतं; देवाजवळ दिवा तर नव्हताच, ओट्यावरचा बल्बसुद्धा लागला नव्हता. सुभद्राबाईंच्या मनात आलं, रुसून निघून गेले की काय? आरतीनं त्यांचा हात घट्ट धरला.

शेजारचा डोमाजी कंदील घेऊन गोठ्याकडे निघाला होता. तो त्यांच्या ओट्यापाशी थांबला.

"काय महादेवराव, लाइट गेली काय तुमची?"

"लाइट हाये," ओट्यावरच्या अंधारातून महादेवराव खेकसले. "सून याची हाये अजून."