रामधन काकाचा जवाब

वणव्याच्या ड्युटीत आग कमी अन् बसणं जास्त, हे नवीन माणसाले पटतच नाही. फेब्रुवारी लागला का आम्ही चौकीवर ठाण मांडतो ते थेट पाऊस पडेपर्यंत. दिवसभर सागाचा वाळला पाला, पाण्याची एक कॅन अन् चार तोंडं. मंग किस्से जमा नाही होतील तं काय होईन? माह्याजवळ आठ हंगामाचे पडले हायेत. पहिले मी कुठलाही सांगत होती. आता कुठूनही सुरू केलं तरी रामधन काकापाशीच येऊन थांबते.

मी वनरक्षक. घाटंजीकडची बीट. माह्या हाताखाली तिघं. रामधन काका तांड्यातले बंजारा, हंगामी मजूर, माह्या जन्माच्या आधीपासून आगी विझवणारे. लेतू पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा, तिशीतला, दोन लेकरांचा बाप अन् पक्का नकल्या. अन् शंकर, आमच्या गाडीचा ड्रायव्हर, जो गाडीतून उतरला का मजूर. हाताखाली म्हणते खरी, पण कोण कोणाच्या हाताखाली होतं ते पहिल्याच दिवशी समजलं.

* * *

पहिल्या दिवशी मी नवंकोरं, चकचकीत जाकीट घालून गेलती. खास यवतमाळवरून आणलं होतं. काकानं मले वरून खालपर्यंत पाह्यलं.

"म्याडम, हे काढा."

"काहून? मस्त तं हाय!"

"प्लास्टिकचं हाय हे. ठिणगी पडली का अंगाले चिपकते. मंग आधी जाकीट काढावं का कातडं, ते तुमीच ठरवा!"

काढलं मुकाट्यानं. काकानं आपल्या खांद्यावरचा सुती दुपट्टा पाण्यात बुडवून माह्या हातात देल्ला अन् म्हणे, तोंडाले गुंडाळा. त्याले तंबाखूचा असा वास होता का मले धुरापेक्षा त्याचीच चक्कर आली!

* * *

मंग आमाले ब्लोअर मशीन भेटली. पाठीवर घ्याची अन् नळीतून हवा सोडून पाला बाजूले उडवाचा. साहेब स्वतः दाखवाले आले. मोठं भाषण झालं. आता झाडाच्या डांगा घेऊन आग झोडपाचे दिवस गेले म्हणे. शंकरनं मशीन चालू केली अन् नळी पकडली ती नेमकी साहेबाच्या चहाकडे! चहा शर्टावर, बिस्किटं पळसाच्या झुडपात.

साहेब तरी काकाले म्हणते, "बघा, किती ताकद आहे!"

काका म्हणे, "हाय साहेब. पण तिले पेट्रोल लागते. माह्यं तंबाखूवर भागते."

साहेबासमोर हसावं का नाही, ते कोणालेच समजेना. शेवटी साहेबच हसले. अन् पुढची गंमत अशी, का पंधरा दिवसात हेच काका त्या मशिनीच्या एवढे पिरमात पडले का दुसऱ्या कोणाले हात लावू देत नोहते! एक दिवस गुपचूप घरी नेली, आंगण झाडाले. गोठ्यातलं वासरू जे उधळलं ते बाजूच्या गावातून धरून आणलं.

* * *

उपग्रहाचा किस्सा तं साऱ्या रेंजमध्ये फेमस हाय. रानात कुठं आग दिसली का मोबाईलवर मेसेज येते, नकाशाच्या ठिकाणासकट. एका दुपारी मेसेज आला. काका त्या दिवशी सुट्टीवर. मी, लेतू अन् शंकर मशीन, डांगा, पाणी घेऊन निघालो. गाडी जाते तिथवर गाडी, मंग पायी, टेकडी चढून, टेकडी उतरून. घामानं भिजून त्या ठिकाणी पोचतो तं काय! रामधन काकाचंच वावर. काका निवांत बांधावर बसून कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून राह्यलते.

मी मोबाईल त्यायच्या तोंडासमोर धरला. काकानं तो लाल ठिपका नीट पाह्यला.

"एवढ्या वरून माह्यंच वावर दिसलं त्याले?" म्हणे. "मंग रोही पीक खाऊन जाते तवा काहून नाही दिसत?"

तेवढ्यात त्यायची बायको जमनाबाई शिदोरी घेऊन आली. तांड्यात आईले याडी म्हणतात, तं आम्हीही सारे तिले याडीच म्हणतो. तिनं आम्हा तिघांची अवस्था पाह्यली अन् नवऱ्यावर जे तोंड सोडलं!

"सारा दिवस सरकारची आग इझवते अन् घरी येऊन आपली लावते! हाका मारून मारून माहा घसा बसला, का इझव, इझव. आयकते काय हा माणूस?"

मंग तिनं आमालेच भाकर खाऊ घातली. काका तिकडं पाण्याची बादली घेऊन आग इझवत होते.

* * *

आता आमच्या हाकेचं सांगावं लागते, नाही तं पुढचं समजाचं नाही.

जाळरेषा म्हणजे रानात आडवा साफ केलेला पट्टा. पाला झाडून मोकळी केलेली जमीन. आग तिथवर येते अन् खाले काही नाही म्हणून मरते. आग अंगावर आली का मागं हटून त्या पट्ट्यावर याचं, अन् पन्नास-पन्नास पावलावर एकेकानं उभं राहाचं. धुरात बाजूचा माणूस दिसत नाही. म्हणून मी शिट्टी आणलती ट्रेनिंगमधून. काका म्हणे, "शिट्टी फक्त तुमी हाय ते सांगते. आमी हावो का नाही, ते कोण सांगन?"

त्यायची पद्धत सोपी. म्याडमनं हाक मारली, का डाव्या हातापासून एकेकानं आपलं नाव सांगाचं. आपल्या तोंडानं, आपलंच. शंकर. रामधन. लेतू. तीन नावं आली का सारे सुखरूप.

अन् आमचा लेतू! मोराचा आवाज काढे, साहेबाचा काढे, काकाचा तं असा काढे का काका स्वतः मागं वळून पाहे. शंकर बिडी ओढाले सटकला का त्याचं नाव लेतूच सांगून टाके. मले एकदा समजलं. मी रागवाले पाहिजे होतं. पण आवाज एवढा हुबेहूब होता का मी हसली. काकाही हसले.

ते हसणं मले अजून खाते.

* * *

दोन वर्षांआधीची गोष्ट. मोहाचे दिवस. फुलं वेचाले सोपं जावं म्हणून लोकं झाडाखालचा पाला पेटवतात, तशीच कुठून तरी लागलती. दोन टेकड्यांच्या मधात होतो आम्ही. सकाळपासून झोडपून झोडपून अर्धी आटोक्यात आणली. दुपारी वारा फिरला. मी ओरडली, "मागं! सारे पट्ट्यावर!"

पट्ट्यावर आलो. धूर असा का माह्याच हातातली डांग मले दिसेना. मी हाक मारली.

"शंकर!"

"रामधन!"

"लेतू!"

तीन नावं. मी वायरलेसवर सांगितलं, सारे सुखरूप हाय. अन् आग पट्ट्यावर येऊन मरते का, ते पाहत उभी राह्यली. पंधरा मिनिटं झाली असतील. धूर पातळ झाला. शंकर दिसला. लेतू दिसला. त्या दोघांच्या मधात कोणीच नाही.

लेतूचं तोंड पाह्यलं अन् मले समजलं. त्यानं काकाले कॅन घेऊन नाल्याकडे उतरताना पाह्यलं होतं. मागून येऊनच राह्यले असतील, म्याडम उगाच घाबरन, असं वाटून त्यानं काकाचंही नाव सांगून टाकलं. वाईट काहीच नोहतं त्याच्या मनात.

कॅन नाल्यात भेटली, भरलेली. काका तिथून तीसेक पावलं वर भेटले. अंगाले आगीनं धरलंही नोहतं जास्त. धुरानंच गेले. ती पंधरा मिनिटं आमाले भेटली असती तं काका वाचले असते का? डॉक्टरले मी दोनदा इचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. कोणालेच सांगता येत नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, "हाक दिली, तिन्ही नावे आली." खोटं काहीच लिहिलं नाही. खरंही लिहिलं नाही.

* * *

ऑफिसात श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. बॅनरवर लावाले काकाचा फोटो कुठून आणाचा? आधार कार्डावरचा एकच भेटला, तोच मोठा केला. त्यात काका असे डोळे वटारून पाहून राह्यलते का शंकर माह्या कानात म्हणे, "म्याडम, फोटोवाल्यानं नक्कीच प्लास्टिकचं जाकीट घातलं असन."

भर श्रद्धांजलीत मले हसू फुटलं. मंग जे रडू आलं ते थांबेचना. साहेबानं पाण्याचा गिलास देल्ला. लेतू एकटा मागच्या रांगेत खाली मान घालून बसला होता. त्या दिवसापासून त्यानं एकही नक्कल केली नाही. शंकरनं मोराची फर्माईश केली तं उठून निघून गेला.

अन् माह्या हातून अजून एक झालं. दहाव्याले याडी रडता रडता मले इचारते, शेवटी काही बोलला का माहा माणूस? मी काय सांगू बाप्पा! म्हणून टाकलं, "हो याडी. म्यां हाक मारली, काकानं जवाब देल्ला."

तेव्हापासून दर भेटीत तिचा एकच प्रश्न. घाटंजीच्या बाजारात भेटो का तांड्यात, हात धरून इचारते, "जवाब देल्ला ना त्यानं?" अन् मी म्हणते, देल्ला. लेतू सोबत असला का तो दुसरीकडे पाहते. घरी येऊन मले भाकर गोड लागत नाही. वाटे, खरं सांगितलं तं हिच्याजवळचा तेवढाही एक शब्द आपण हिसकून घेऊ. अन् नाही सांगितलं तं लेतू आतल्या आत संपून जाईन. तेही दिसून राह्यलं होतं.

* * *

यंदा हंगाम सुरू व्हाच्या आधी लेतू सकाळीच माह्या क्वार्टरवर आला. "म्याडम, मले तांड्यात चालाचं हाय. तुमी सोबत या. एकट्यानं पाय निघत नाहीत."

याडी आंगणात तूर पाखडून राह्यलती. तिनं आमाले पाह्यलं, बसा म्हटलं, अन् मले तेच इचारलं. मी तोंड उघडाच्या आत लेतू बोलला.

"याडी, तो जवाब काकाचा नोहता. मी देल्ला. त्यायच्या आवाजात. म्हणून आमी त्यायले शोधाले उशिरा गेलो."

सूप हलत राह्यलं. फोल उडत राह्यलं. पाखडून झालं तशी तिनं तूर डाल्यात ओतली अन् सूप भिंतीले टेकवलं.

"मले माहीत हाय," याडी म्हणे.

"कोणी सांगितलं?" मी इचारलं.

"कोण सांगन? तीस वर्स मी हाका मारल्या त्या माणसाले. एका हाकेले जवाब नाही देल्ला त्यानं. तुह्या पहिल्याच हाकेले देईन काय?"

मले हसावं का रडावं समजेना. "मंग याडी, तू दर डाव मले काहून इचारत होती?"

ती माह्याकडे पाहतच नोहती. ती लेतूकडे पाहून राह्यलती. तो भिंतीले टेकून, दुपट्टा तोंडात कोंबून रडून राह्यलता, लहान लेकरासारखा.

"दोन वर्स लावले रे तू," ती त्याले म्हणे. मंग माह्याकडे वळली.

"यंदा काकाच्या जागी कोणाले घेतलं?"

"अजून कोणालेच नाही, याडी."

"माह्यं नाव लिही. अन् या पोट्ट्याच्या बाजूले उभी कर मले."